पहिला घास

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात पावसाळा लागला की गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या गंजीखाली, पडून राहिलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात अंडी सापडू लागतात. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली, बोटाने दाबली तर चामड्यासारखी दबणारी. पूर्वी अशा अंड्यांवर सरळ फावडं पडायचं. आता बऱ्याच गावांत आधी सर्पमित्राला फोन जातो, सर्पमित्र वन विभागाला कळवतो आणि जागा धोक्याची असेल तर अंडी उचलून नेली जातात. उचलतानाही पथ्य असतं. अंडं ज्या कुशीवर असेल त्याच कुशीवर ठेवायचं, म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. कोंबडी उबवताना अंडी फिरवत राहते. सापाच्या अंड्यातला गर्भ मात्र कवचाला आतून चिकटून वाढतो, अंडं उलटं झालं तर तो दगावू शकतो.

मग झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओलसर कोकोपीट, झाकणाला चार भोकं आणि वाट पाहणं. धामण असो वा नाग, दोन महिन्यांच्या आसपास वाट पाहावी लागते. अशा एका डब्यातून धामणीची पिल्लं बाहेर येताना मी पाहिली आहेत. अंड्यावर आधी ब्लेडने ओढल्यासारखी बारीक चीर दिसते. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला त्या कामापुरता एक दात असतो, तो पुढे गळून पडतो. चिरेतून चिकट पाण्याचा बुडबुडा येतो, मग नाकाचं टोक, मग जीभ. जीभ दोनदा लवलवते आणि डोकं परत आत जातं. पाहणाऱ्याला वाटतं, पिल्लू अडकलं. ते अडकलेलं नसतं. उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेण्याचं त्याचं काम चालू असतं, आणि ते काम संपेपर्यंत ते तासन्‌तास, कधी दिवसभर, तसंच अर्धं आत अर्धं बाहेर राहतं.

त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: आता यांना खायला काय घालायचं? शेजारच्या घरातून वाटीभर दूधही आलं, मोठ्या मायेने. सर्पमित्राने ते परत पाठवलं आणि काहीच घालायचं नाही म्हणून सांगितलं. बलकाची शिदोरी पोटात असते. पहिली कात पडेपर्यंत, म्हणजे आठवडा-दीड आठवडा, पिल्लं बहुधा तोंडच उघडत नाहीत. कात पडली की भूक जागी होते आणि तोवर ती सापडल्या जागेजवळ, पाण्याच्या आणि बेडकांच्या सोबतीला, सोडलेली असली पाहिजेत.

खायला काय घालायचं हा प्रश्न जगभर सापाचं पिल्लू सांभाळणाऱ्या प्रत्येकाला छळतो. प्राणिसंग्रहालयातले अनुभवी लोक त्याच्याशी झुंजतात. परदेशात कायद्याने बॉल पायथनसारखे साप पाळणारी कुटुंबं त्याच्यापायी रात्री जागवतात. पिल्लू ठणठणीत दिसतं, पाणी पितं, बिळासारख्या खोक्यातून तोंड बाहेर काढून बघतं, पण समोर ठेवलेल्या उंदराकडे पाठ फिरवतं. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. माझं म्हणणं एवढंच आहे की हे पाठ फिरवणं म्हणजे हट्ट नव्हे. ते उत्तर असतं. थंडी आहे, उघड्यावर आहे, वास ओळखीचा नाही, ऋतू चुकला आहे, यांपैकी काहीतरी ते पिल्लू सांगत असतं आणि माणूस ते ऐकायच्या आधीच चिमटा घेऊन त्याचं तोंड उघडायला जातो.

वासापासून सुरुवात करू. अमेरिकेतले प्राणिवर्तनतज्ज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या, आयुष्यात एकही घास न घेतलेल्या सापांच्या पिल्लांपुढे त्यांनी कापसाचे बोळे धरले. कुठल्या बोळ्याला गांडुळाचा वास, कुठल्याला माशाचा, कुठल्याला गोगलगायीचा. पिल्लांनी आपापल्या जातीच्या नैसर्गिक खाद्याच्या बोळ्यावर जीभ जास्त वेळा लवलवली, काहींनी तर बोळ्यावर झडप घातली. कुणी शिकवलेलं नव्हतं. आई तर जन्मानंतर पिल्लांकडे बघतही नाही. पुढे स्टीव्हन आर्नल्ड यांनी कॅलिफोर्नियात दाखवलं की एकाच जातीच्या सापात किनाऱ्याकडची पिल्लं तिथल्या ओल्या जंगलातल्या गोगलगायी आनंदाने खातात आणि आतल्या कोरड्या भागातली पिल्लं त्याच गोगलगायी नाकारतात. दोघांच्या आया प्रयोगशाळेत एकाच प्रकारे ठेवलेल्या होत्या. आवड रक्तातच उतरलेली होती.

हे लक्षात घेऊन नंदुरबार जिल्ह्याचे साप बघितले तर एका डब्यातलं खाणं दुसऱ्याला का चालणार नाही हे लगेच कळतं. प्रकाशा, सारंगखेड्याजवळ तापीच्या फुगलेल्या पाण्यात दिवड मासे आणि बेडूक धरते, तिची पिल्लं बारक्या माशांवर आणि बेडूकमाशांवर वाढतात. घराच्या भिंतीवर चढणारा कवड्या पालीच्या मागे असतो. हरणटोळ सरडे आणि बेडूक टिपतो. कुकरी साप दुसऱ्यांची अंडी फोडून खातो. मण्यार तर साप खाणारा साप आहे, तिच्या पिल्लापुढे पांढरा उंदीर ठेवून उपयोग नाही. वाळा, ज्याला लोक गांडूळ समजून ओलांडून जातात, मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या खातो. धामण मोठी झाली की उंदरांचा फडशा पाडते, म्हणून तिला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात, पण बोटाएवढ्या जाडीचं तिचं पिल्लू उंदीर गिळणार कुठून? त्याला बेडकाचं पिल्लू हवं. मोठ्या सापाचं खाणं लहान आकारात दिलं की झालं, असं समजणारा माणूस इथेच फसतो.

या बाबतीतला सर्वांत टोकाचा साप महाराष्ट्रातच आहे. अंडीखाऊ साप. त्याचं शास्त्रीय वर्णन १८६३ मधलं, आणि नंतर तो इतका क्वचित दिसला की संपला की काय असं वाटावं. चालू शतकाच्या पहिल्या दशकात तो विदर्भात, वर्ध्याकडे, पुन्हा सापडला आणि अशोक कॅप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर लिहिलं. हा साप पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो. अख्खं अंडं गिळतो, घशात आत उतरलेल्या मणक्यांच्या टोकांनी ते फोडतो, आतला द्रव पोटात घेतो. त्याचे दात जवळजवळ नावापुरते उरले आहेत. अशा सापाला कुणी घरात ठेवून उंदराची सवय लावायची म्हटलं तर तो शेवटपर्यंत उपाशी राहील. त्याच्या शरीराची रचनाच तशी नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. भक्ष्य गिळल्यावर त्याच्या शरीरात जी उलथापालथ होते तिच्यावर स्टीफन सीकोर आणि जेरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरांवर काम केलं. उपवासाच्या काळात अजगराचं आतडं आक्रसून पडलेलं असतं, जठरात आम्ल जवळजवळ नसतंच. घास पोटात गेला की दोन दिवसांत आतड्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं, यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात, चयापचय कित्येक पटींनी चढतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर हृदयाचा मुख्य कप्पा ४८ तासांत ४० टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. एवढा कारखाना चालू करायला ऊब लागते. ऊब नसेल तर गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजतो, साप तो ओकतो आणि ओकण्याने आधीच बारीक असलेलं पिल्लू आणखी खचतं. म्हणून थंड पडलेलं पिल्लू खात नाही तेव्हा ते स्वतःला वाचवत असतं.

आणि उपास त्याला माणसासारखा घातक नसतो. मार्शल मॅक्यू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक अशा तीन जातींचे ६२ साप जवळजवळ सहा महिने उपाशी ठेवले होते. काहींनी आपला चयापचय ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. नवलाची गोष्ट म्हणजे त्या उपासातही सापांची लांबी वाढली. मोठा साप असं करू शकतो. नुकतं जन्मलेलं पिल्लू इतकं तग धरत नाही, त्याची शिदोरी तोकडी असते. पण आठवडाभर खाल्लं नाही म्हणून धावाधाव करावी अशीही त्याची अवस्था नसते.

आता त्या वाटीभर दुधाबद्दल. सापाला दूध पचत नाही, सस्तन प्राण्यांचं हे खाद्य त्याच्या वाटेला निसर्गात कधी येतच नाही. मग नागपंचमीला नाग दूध पिताना दिसतो ते काय? गारुडी सण जवळ आला की नागाला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतो. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल तो द्रव ओढतो. दूध पोटात त्रास देतं, कधी श्वासमार्गात जातं. त्याआधी विषदंत उपटलेले असतात, काही वेळा विषग्रंथी डागलेल्या असतात, कधी तोंडच दोऱ्याने शिवलेलं असतं. पकडलेल्या अशा नागांच्या तोंडात पू झालेला असतो. त्याच्यापुढे बेडूक ठेवा नाहीतर उंदीर, तो खाणार कसा? लोक त्याला संन्यस्त, व्रतस्थ म्हणून हात जोडतात आणि तो भुकेने मरत असतो. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची मिरवणूक उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली तेव्हा परंपरेवर घाला आला म्हणून बरीच ओरड झाली. मला तो आदेश योग्यच वाटतो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत वाघदेवाची पूजा होते आणि त्यासाठी वाघ कुणी बांधून आणत नाही. श्रद्धेला प्राणी ताब्यात असावाच लागतो असं नाही, हे आपल्याच डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आले आहेत.

कायद्याचं सांगायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणंही येतं, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणंही येतं. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे नवापूरच्या नाल्यात सापडलेलं अजगराचं गोंडस पिल्लू मुलांच्या हौसेखातर घरी ठेवणं हा गुन्हा आहे, ते कितीही मायेने ठेवलं तरी. सर्पमित्रानेही पकडलेला साप घरात साठवून ठेवणं बेकायदाच. मांडूळ तर याहून वाईट छळातून जातो. गुप्तधनाच्या आणि औषधाच्या अफवांपायी त्याला लाखोंची किंमत सांगतात, वजन वाढावं म्हणून त्याच्या तोंडात नको ते कोंबतात. घास नाकारण्याचा त्याचा हक्कही त्याला मिळत नाही.

परदेशी सापांची गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतला कॉर्न स्नेक हे जगभर घरांत पाळले जातात, त्यांची पैदास पिंजऱ्यात होते. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, आंतरराष्ट्रीय व्यापारकराराखालच्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. बॉल पायथन ज्याच्याकडे असेल त्याने परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली किंवा साप मेला तरी कळवायचं. तरी चोरटी आयात थांबलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. पाकिटात आवळून, तासन्‌तास थंड-गरम होत आलेलं पिल्लू पुढे कुणाच्यातरी घरी पोचतं आणि मग ते खात नाही म्हणून नवा मालक चकित होतो.

बॉल पायथन हाच मुळात खाण्याच्या बाबतीत जगातला सर्वांत बदनाम पाळीव साप. घाना, टोगो, बेनिन हा त्याचा मुलूख. तिथे तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो, रात्री बाहेर पडतो. ओठांवरच्या खळग्यांनी त्याला भक्ष्याच्या अंगची ऊब दिसते म्हणावी इतकी स्पष्ट जाणवते. लुका लुइसेली आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० च्या दशकात नायजेरियात या सापांच्या पोटात काय सापडतं ते तपासलं. सत्तर सेंटिमीटरपर्यंतची पिल्लं मुख्यतः छोटे पक्षी खात होती, मीटरभराच्या वर गेलेले साप उंदीर-घुशींवर आले होते. ही नोंद मला फार मोलाची वाटते. घरात जे पिल्लू पांढऱ्या उंदराला नाक मुरडतं त्याचे भाऊबंद रानात त्या वयात घरट्यांतली पक्ष्यांची पिल्लं शोधत असतात. अनुभवी पाळणारे उंदराच्या अंगावर कोंबडीच्या पिल्लाची पिसं घासून देतात आणि नकार देणारं पिल्लू कधीकधी तेवढ्यावर घास घेतं, त्यामागचं कारण हे. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला रानात सरडे आवडतात, म्हणून त्याच्यासाठी उंदराला सरड्याचा वास लावतात.

ब्रिटनमध्ये बॉल पायथन पाळायला परवाना लागत नाही, आणि तिथल्या चांगल्या पाळणाऱ्यांची रीत बघितली की ती किती साधी आहे याचं आश्चर्य वाटतं. पिल्लू घरी आणल्यावर निदान पाच-सात दिवस त्याला हात लावायचा नाही, खायलाही द्यायचं नाही. पेटी लहान घ्यायची. मोठ्या काचपेटीत बोटाएवढं पिल्लू उघड्यावर पडल्यासारखं बावरतं. पेटीच्या एका टोकाला ऊब, सुमारे ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, म्हणजे ते स्वतः जागा निवडेल. दोन्ही टोकांना एकेक लपायचं खोकं, इतकं अरुंद की अंग चारही बाजूंनी टेकलं पाहिजे. ऊब मोजायला थर्मामीटर आणि ऊब आटोक्यात ठेवायला थर्मोस्टॅट, कारण हाताला कोमट लागलं म्हणून सापाला पुरेल असं नसतं. ताज्या पाण्याचं भांडं. एवढं केल्यावर बरीच पिल्लं पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेला खातात, आणि पाळणारा म्हणतो, काहीच केलं नाही. खरं तर जे करायचं ते त्याने आधीच केलेलं असतं.

घासाचीही रीत आहे. भक्ष्य पिल्लाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकंच जाड, वजनाने त्याच्या दहा ते पंधरा टक्के. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, जेणेकरून त्याचं अंग जिवंत उंदराइतकं, ३७-३८ अंशांच्या आसपास, उबदार होईल. डोकं विशेष उबदार लागतं, साप तिथेच धरतो. मायक्रोवेव्ह नको, कुठे शिजतो, कुठे गार राहतो. संध्याकाळ झाल्यावर, दिवे मंद करून, लांब चिमट्याने खोक्याच्या तोंडाशी हळू हलवायचा. झडप आली नाही तर तिथेच ठेवून खोलीतून निघून जायचं. काही पिल्लं कुणी बघत असेल तर खातच नाहीत, त्यांना उंदरासकट छोट्या अंधाऱ्या डब्यात रात्रभर ठेवलं की सकाळी डबा रिकामा असतो. नकार आला तर पाच-सात दिवस थांबायचं. रोज समोर नाचवलेला उंदीर पिल्लाला भक्ष्य न वाटता शत्रू वाटू लागतो, आणि मग ते अंगाचा गोळा करून डोकं मध्ये लपवतं. याच सवयीवरून त्याला बॉल हे नाव पडलं आहे.

जिवंत उंदीर सोडून देणं हा मार्ग इथल्या हौशी लोकांना सोपा वाटतो. तो टाळलाच पाहिजे. न खाणाऱ्या सापाबरोबर रात्रभर कोंडलेला मोठा उंदीर भुकेने सापालाच कुरतडतो, पाठीची हाडं उघडी पडलेले साप पशुवैद्यांकडे येतात. आणि उंदराच्या यातनांचाही विचार आपण करायचा की नाही?

बाकी सगळा हिशोब वजनकाट्याचा. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा काटा, एक वही, आठवड्यातून एकदा नोंद. कधी घास दिला, कधी नाकारला, कात कधी पडली, वजन किती. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात यायची आहे, त्या आठवड्यात बहुतेक साप खात नाहीत. मोठे नर मिलनाच्या हंगामात महिनोन्‌महिने खात नाहीत आणि वजन जवळजवळ तेवढंच राहतं. वही असेल तर हे समजतं, नसेल तर दर नकाराला जीव घाबरतो. पिल्लाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, पाठीचा कणा वर दिसू लागला, तोंडातून फेस किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्य. खाऊन ओकलं तर दहा-चौदा दिवस पोटाला पूर्ण विश्रांती आणि पुढचा घास नेहमीपेक्षा लहान.

तोंडात कोंबणं हा शेवटचा उपाय, आणि तो जाणकाराच्याच हातचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात रेमंड डिटमार्स यांच्या काळात न खाणाऱ्या प्रचंड अजगराला माणसांची रांग धरून ठेवायची आणि बांबूने त्याच्या घशात खाणं ढकललं जायचं. त्या काळी तेवढीच अक्कल होती. आज तापमान, ओलावा, अंधार हे बघितल्यावर तशी वेळ फार कमी येते.

आपल्याकडे ती येते उपचार केंद्रात. ऊसतोडीच्या वेळी कोयत्याने कापलेली धामण, रोटाव्हेटरखाली आलेला नाग, जाळीत अडकून चार दिवस पडलेला अजगर. पुण्यात कात्रजला नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सर्पोद्यान उभं राहिलं, त्यानंतर राज्यात जखमी सापांवर उपचार ही गोष्ट हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडली. अशा सापाला पशुवैद्य आधी ऊब देतात, मग पाणी. अंगात पाणी नसलेल्या सापाच्या पोटात घास घालणं म्हणजे त्याला मारणं. ताकद येईना तर पातळ खाणं बारीक नळीने थेट जठरात सोडतात. सापाच्या तोंडात खाली, जिभेच्या मागे, श्वासनलिकेचं उघडझाप करणारं भोक असतं. नळी तिथे गेली तर फुप्फुसात खाणं जाऊन साप मरतो. म्हणून व्हिडिओ बघून घरी सिरिंजने अंडं-दूध पाजणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, हे करू नका. शिवाय नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांचं पिल्लू अंड्यातून किंवा आईच्या पोटातून बाहेर पडल्या क्षणापासून विषारी असतं. करंगळीएवढ्या जिवाला भरवायला गेलेल्या माणसाला धडगाव, मोलगीच्या डोंगरातून दवाखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे इथल्या लोकांना मी सांगायला नको.

दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यात पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं सगळीकडे विखुरलेली असतात. कपाशीच्या वेचणीत, मिरचीच्या पथारीखाली, पपईच्या आळ्यात ती दिसतात. नोव्हेंबरपासून थंडी चढते; पुढे डाब, तोरणमाळकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. या दिवसांत सापडलेलं पिल्लू मंद असतं, मान टाकून पडलेलं असतं आणि माणसाला ते उपाशी वाटतं. ते थंड असतं. त्याला न हाताळता, लांब काठीने बादलीत घेता येत असेल तर घ्यावं, नाहीतर नुसती नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. सर्पमित्र येईपर्यंत खाणं, दूध, अंडं काही ठेवू नये. रात्री सापडलं तर सोडायची घाई नको. भोकं पाडलेल्या डब्यात, कापडाच्या घडीवर, घरातल्या उबेत रात्र काढू द्यावी, हेही सर्पमित्राच्या हातून. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर, दहा-अकराच्या सुमाराला, जिथे सापडलं त्याच शिवारात बांधाच्या भेगेपाशी किंवा दगडांच्या ढिगाशी ते सोडतात. दूरच्या जंगलात नेऊन सोडणं टाळतात, कारण अनोळखी जागी ना बीळ माहीत ना भक्ष्याची वाट. बांधाच्या त्या भेगेत ते बहुधा थंडी सरेपर्यंत काही न खाताच राहील आणि उन्हं चढली की स्वतःचा पहिला बेडूक स्वतः शोधेल.